बाबांच्या गोळ्या आणि गप्प बसलेला कॉम्प्युटर

(मंडळाच्या गणेशोत्सवात शनिवारी संध्याकाळी दिलेल्या भाषणाचा मजकूर. लिहून काढताना थोडा आटोपशीर केला आहे, पण बोलल्यासारखाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट नाही. मी कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. समितीने मला "आयटीवर काहीतरी बोल" असं सांगितलं होतं आणि मी म्हटलं की औषधांवर बोलतो. समितीतल्या काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण अर्धा तास मला सहन केलंत तर लक्षात येईल की मी विषय बदललेला नाही. समोर आज बऱ्याच जणांचे आई-बाबा बसलेत, तीन महिन्यांसाठी आलेले, त्यांच्यासाठी तर हे मुद्दाम आहे.

गोष्ट २०२३ च्या उन्हाळ्यातली. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती, एक स्टेंट बसवला होता. तब्येत ठणठणीत. आई-बाबा आमच्याकडे अ‍ॅमस्टलव्हेनला आले ते गोळ्यांची एक वेगळी पिशवी घेऊनच. त्यात मुख्य होती एक कॅप्सूल. आपल्याकडे भारतात ही सोय फार, एकाच कॅप्सूलमध्ये तीन-तीन औषधं. बाबा तिला "हार्टची गोळी" म्हणायचे. आत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

आल्यावर आईच्या हातचं तिखट आणि इथलं चीज असा दुहेरी मारा झाला आणि बाबांना जळजळ सुरू झाली. मी दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी ओमेप्राझोल आणून दिली. आम्हा पुणेकरांना अ‍ॅसिडिटीची गोळी म्हणजे बडीशेपेसारखी वाटते. बाबा खूष. "ही डच गोळी काय लागू पडते रे!" असं रोज म्हणायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि हार्टच्या गोळ्या कमी पडणार असं दिसलं. मी स्ट्रिप घेऊन जवळच्या अपोथेकमध्ये विचारायला गेलो, बाबा बरोबर होते. काउंटरवरच्या बाईंनी स्ट्रिपवरचं नाव कॉम्प्युटरमध्ये टाकलं. काहीच आलं नाही. भारतीय ब्रँड, इथे विकलाच जात नाही, येणार कुठून? ना लाल खूण, ना पिवळी. मी मनात म्हटलं, चला, म्हणजे काही प्रॉब्लेम नाही.

त्या बाई मात्र म्हणाल्या, "माझ्या कॉम्प्युटरला हे माहीतच नाही. म्हणजे आता मला वाचावं लागणार." त्यांनी स्ट्रिप उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोर्वास्टॅटिन. तिन्ही नावं वेगवेगळी टाकली. मग विचारलं, "आणखी काही घेतात?" बाबा ठामपणे "नो, नो." मी म्हटलं, "हां, एक ओमेप्राझोल, पण ती काय साधीच." त्यांनी ती टाकली आणि लगेच सूचना आली. क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल नको.

मंडळी, मी रोज लोकांना सांगतो की डेटाबेसमध्ये "शून्य" आणि "माहीत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे आपण मोजलं आणि काही सापडलं नाही. माहीत नाही म्हणजे मोजलंच नाही. ज्युनियर मुलांनी हा घोळ केला की मी त्यांच्यावर डाफरतो. आणि स्वतःच्या बापाच्या बाबतीत मी नेमका तोच घोळ केला होता.

आता हे क्लोपिडोग्रेल प्रकरण काय आहे ते सांगतो. प्लेटलेट नावाच्या रक्तातल्या कणांच्या गुठळ्या होऊ नयेत, स्टेंट बंद पडू नये, म्हणून हे औषध. आपण त्याला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतो. गंमत अशी की गिळतो ते औषध त्या रूपात काहीच काम करत नाही. लिव्हरमधली एन्झाइम्स त्याच्यावर प्रक्रिया करतात तेव्हा कुठे ते कामाला लागतं. त्यातलं मुख्य एन्झाइम म्हणजे सीवायपी२सी१९. नाव वायफायच्या पासवर्डसारखं आहे, त्याला माझा इलाज नाही. ओमेप्राझोल नेमकं याच एन्झाइमला अडवतं. म्हणून युरोपच्या औषध संस्थेने २०१० साली सांगितलं की ही जोडी टाळा. पँटोप्राझोलला हा त्रास बराच कमी. बाईंनी सुचवलं, आम्ही पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी बदलली.

विषय तिथेच संपला असता. पण निघताना बाईंनी सहज विचारलं, "यांची जीनची चाचणी झाली आहे का? तुमच्या भागातल्या लोकांत हे एन्झाइम बऱ्याचदा कमी चालतं." बाबांनी मला मराठीत विचारलं, "काय म्हणतेय ती?" मी म्हटलं, "काही नाही, चला." कारण मलाच कळलं नव्हतं. त्या रात्री मी वाचायला बसलो आणि गेली काही वर्षं अधूनमधून वाचतोच आहे.

पहिली गोष्ट कळली ती अशी की आपण राहतो तो देश या बाबतीत फार पुढे आहे. इथल्या फार्मासिस्टांच्या संघटनेने, केएनएमपीने, २००५ साली एक गट नेमला. काम एकच: कुठल्या जीनचा कुठल्या औषधाशी संबंध आहे ते पुरावे तपासून ठरवायचं, आणि डोस किती बदलायचा की औषधच बदलायचं ते स्पष्ट लिहायचं. आणि लिहून कपाटात ठेवायचं नाही! हे नियम जी-स्टँडार्ड नावाच्या राष्ट्रीय औषध-डेटाबेसमध्ये घातले. देशभरातल्या अपोथेकांचे आणि हाउसआर्त्सचे कॉम्प्युटर त्यावर चालतात आणि तो दर महिन्याला अपडेट होतो. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये तुमच्या जीनचा निकाल असेल आणि डॉक्टरने न चालणारं औषध लिहिलं, तर सूचना आपोआप येते. असेल तर. हा "तर" महत्त्वाचा.

आपण सगळे इथल्या पॅरासिटामॉलवर विनोद करतो. ताप आला, पॅरासिटामॉल. पाय मोडला, पॅरासिटामॉल. मीही केलेत, पुढेही करीन. पण हे वाचल्यावर मी जरा वरमलो.

पुढे लायडनच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या पुढाकाराने एक मोठा अभ्यास झाला, नाव प्रिपेअर. नेदरलँड्स धरून युरोपातले सात देश, ६९४४ रुग्ण. नवीन औषध सुरू होताना काही जणांची बारा जीन्स आधी तपासायची आणि त्याप्रमाणे औषध-डोस ठरवायचा, बाकीच्यांना नेहमीसारखे उपचार. २०२३ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. ज्यांच्या जीनमुळे औषधात बदल हवा होता, अशांमध्ये नेहमीच्या पद्धतीत २७.७ टक्के लोकांना औषधाचा लक्षात घेण्याजोगा त्रास झाला. आधी तपासणी केलेल्यांत तो २१ टक्क्यांवर आला. औषधांच्या जगात हा फरक छोटा नाही. आणखी एक: दहातल्या नऊहून जास्त लोकांत त्या बारापैकी निदान एका जीनमध्ये असं काहीतरी निघालं की कधीतरी कुठल्यातरी औषधाला ते आडवं येईल. म्हणजे सरासरी डोसला बसणारा "सरासरी माणूस" जवळपास कुणीच नाही.

मी हे वाचून भारावलोच होतो. आणि मग एक आकडा दिसला. भाग घेणाऱ्यांपैकी ९७.७ टक्के लोकांनी स्वतःचा वंश युरोपीय, भूमध्यसागरी किंवा मध्यपूर्वेचा सांगितला होता. कॅल्क्युलेटर काढा. ६९४४ पैकी उरले साधारण एकशे साठ. आफ्रिका, चीन, इंडोनेशिया आणि तुम्ही-आम्ही, सगळे मिळून एकशे साठ. या सभागृहात आज त्याहून जास्त लोक आहेत.

यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. ग्रीसच्या आणि स्लोव्हेनियाच्या दवाखान्यात जे आले त्यांना घेतलं, तिथे मराठी माणूस कुठून येणार? पण टेस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर उत्तम आहे, फक्त आपल्या केसेस त्यात फारशा चालवून पाहिलेल्या नाहीत. असं सॉफ्टवेअर क्रॅश होत नाही. ते गप्पपणे चुकीचं चालतं. इथल्या किती फॉर्मनी आपल्या वडिलांचं नाव आपल्या आडनावाला जोडून टाकलंय ते आठवा! माझ्या बँकेच्या कार्डावर अजून तसंच आहे.

आता ती बारा जीन्स बघा. अ‍ॅझाथायोप्रिन नावाचं एक औषध आहे, आतड्याच्या क्रोन्ससारख्या आजारात वापरतात. काही लोकांत त्यामुळे पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरतात. युरोपीय लोकांत याला मुख्यतः टीपीएमटी हा जीन कारणीभूत असतो, म्हणून तो त्या बारांत आहे. आपल्याकडे टीपीएमटीचे दोष कमी आढळतात. आपल्याकडे आणि पूर्व आशियात जास्त सापडतो तो एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जीनमधला बदल. तो कोरियातल्या संशोधनातून २०१४ साली पुढे आला. तो त्या बारांत नव्हता. पुढे डच नियमांत त्याचीही भर पडली हे खरं. पण समजा एखाद्या मराठी मुलीची फक्त टीपीएमटीची तपासणी झाली आणि रिपोर्टवर "नॉर्मल" आलं, तर तो शब्द खरा आहे आणि तरीही अपुरा आहे. पुन्हा तेच, शून्य की माहीत नाही?

क्लोपिडोग्रेलकडे परत येतो, कारण त्याचीही एक डच गोष्ट आहे. न्यूवेखाइनच्या सेंट अँटोनियस रुग्णालयाने पुढाकार घेऊन २४८८ हृदयविकाराच्या रुग्णांवर अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी हार्ट अ‍ॅटॅकनंतर जास्त जोरकस आणि महाग औषधं द्यायची पद्धत होती. त्यांनी विचारलं की जीन तपासून ज्यांचं एन्झाइम नीट चालतं त्यांना साधं क्लोपिडोग्रेल दिलं तर? निघालं असं की हृदयाचं संरक्षण तेवढंच, आणि रक्तस्राव कमी, १२.५ टक्क्यांवरून ९.८ टक्के. फार सुंदर काम आहे. पण युरोपीय वंशाच्या लोकांत या एन्झाइमच्या जीनची निदान एक प्रत बंद असलेले साधारण तीस टक्क्यांच्या आसपास असतात. इंग्लंडमधल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी लोकांच्या मोठ्या अभ्यासात हेच प्रमाण ५७ टक्के निघालं. तीसमध्ये आणि सत्तावन्नमध्ये फरक आहे ना? तिकडे अपवाद आहे तो इकडे बहुमतात आहे.

मग कुणी म्हणेल, सोपं आहे, फॉर्मवर "आशियाई" असा एक चौकोन करा आणि त्यांना वेगळा डोस द्या. तसं झालेलंही आहे. कोलेस्टेरॉलवरच्या रोसुवास्टॅटिनला जगात पहिली परवानगी मिळाली ती इथेच, नेदरलँड्समध्ये, २००२ च्या नोव्हेंबरात. पुढे सिंगापूरमध्ये चिनी, मलय, भारतीय आणि तिथेच राहणाऱ्या गोऱ्या लोकांना एकच डोस देऊन रक्तातलं प्रमाण मोजलं. गोऱ्यांच्या तुलनेत चिनी लोकांत ते २.३ पट, मलयांत १.९ पट आणि भारतीयांत १.६ पट निघालं. राहण्याचं गाव एकच असल्यामुळे हवापाण्याला दोष देता येत नव्हता. आज युरोपातल्या माहितीपत्रकात आशियाई वंशाच्या लोकांना ५ मिलिग्रॅमपासून सुरू करा आणि ४० मिलिग्रॅम देऊच नका असं छापलेलं असतं. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी आज घरी जाऊन तो घडीचा कागद उलगडून बघा, आणि काही शंका आली तर आपल्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळी तोडू नका, बंद करू नका. हे मी तीनदा सांगणार आहे, त्यातलं हे पहिलं.

पण "आशियाई" या एका चौकोनात टोकियोचा माणूस आणि तासगावचा माणूस एकत्र बसवायचा, हे मला पटत नाही. अहो, "भारतीय" तरी कुठे एक आहे? मुंबईतल्या पारशी समाजात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता बऱ्याच प्रमाणात आढळते हे १९६३ सालीच प्रसिद्ध झालंय. मलेरियाचं प्राइमाक्वीन अशा माणसाला दिलं तर तांबड्या पेशी फुटतात. वैश्य समाजातल्या काही घराण्यांत भूल देतानाचं एक औषध शरीरात लवकर मोडलंच जात नाही, श्वास पूर्ववत व्हायला फार वेळ लागतो, हे भूलतज्ज्ञांना माहीत असतं. पिढ्यान्पिढ्या जातीत लग्नं करून आपण ही छोटी छोटी बेटं तयार केली आहेत. आपण अभिमानाने सांगतो त्या गोष्टीची ही दुसरी बाजू आहे, कुणाला लागलं असेल तर क्षमा असावी. भारतात आता दहा हजार लोकांच्या जीनोमची माहिती गोळा झाली आहे आणि २०२५ च्या जानेवारीत ती संशोधकांसाठी खुली केली. फार चांगली सुरुवात. पण जीनोम कळणं वेगळं आणि त्या माणसाला अमुक डोस दिल्यावर काय झालं हे कळणं वेगळं.

इथे नेदरलँड्समध्ये आपल्या सगळ्यात जवळचे म्हणजे सुरिनामी हिंदुस्तानी. १८७३ साली लल्ला रूख जहाजातून ज्यांचे पूर्वज कलकत्त्याहून सुरिनामला गेले, तेच लोक. आपण त्यांच्या दुकानातून भेंडी आणतो आणि त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०११ पासून हेलियस नावाचा अभ्यास चालू आहे. त्यात सहा समाजांचे जवळजवळ पंचवीस हजार लोक आहेत, हिंदुस्तानीही आहेत. ते आले, रक्त दिलं, फॉर्म भरले. इथल्या हाउसआर्त्सच्या मार्गदर्शिकेत मधुमेहाची तपासणी हिंदुस्तानी वंशाच्या लोकांत ३५ व्या वर्षापासून करा असं लिहिलंय. डच माणसाला ४५. हा नियम आपल्यालाही लागू पडतो आणि तो आपल्याला आयता मिळालाय तो त्या लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांमुळे. आपण? आपल्याकडे पत्र येतं, डच भाषेत असतं, आपण ते जुन्या कागदांच्या डब्यात टाकतो. मी टाकलंय.

आता बाबांचं सांगून टाकतो. ते परत गेले आणि मी आधी माझीच चाचणी करून घेतली. (ही चाचणी कुठल्या परिस्थितीत विम्यात बसते ते आधी विचारून घ्या, मी न विचारता केली.) निकाल आला: सीवायपी२सी१९ ची एक प्रत चालू, एक बंद. आता बंद प्रत आली कुठून? आईकडून तरी नाहीतर बाबांकडून तरी. बाबांच्या डॉक्टरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, करून बघू. बाबांच्या दोन्ही प्रती बंद निघाल्या.

म्हणजे क्लोपिडोग्रेल कामाला लावणारं ते एन्झाइम बाबांच्या शरीरात जवळपास नव्हतंच. मग ओमेप्राझोल अडवणार तरी कुणाला? त्या दिवशी अपोथेकच्या कॉम्प्युटरने दाखवलेली सूचना नियमाने बरोबर होती, आम्ही ती पाळलीही. पण खरी अडचण तिच्या खाली होती आणि तिच्याबद्दल कॉम्प्युटर गप्प होता, कारण त्याला बाबा माहीत नव्हते. आणि ते "काय लागू पडते रे" आठवतंय? ओमेप्राझोल शरीरातून काढून टाकायचं कामही हेच एन्झाइम करतं. ते नसलं की गोळी जास्त वेळ टिकते, जास्त असर करते. बाबा रोज सकाळी आम्हाला त्यांचा रिपोर्ट वाचून दाखवत होते आणि आम्ही हसत होतो.

डॉक्टरांनी औषध बदललं. काही वाईट घडलं नाही, अ‍ॅस्पिरिन चालूच होतं. पण फोनवर बाबांनी विचारलं, "म्हणजे इतके महिने घेतली ती गोळी पाण्यातच गेली का रे?" याचं नीट उत्तर माझ्याकडे नव्हतं. डॉक्टर म्हणाले की एका चाचणीवरून मागचं सगळं ठरवता येत नाही. बाबा म्हणाले, "बरं." आणि मग बराच वेळ क्रिकेटवर बोलले.

आता थोडं कामाचं. इथे एका अपोथेकची माहिती दुसऱ्याला आणि रात्रीच्या हाउसआर्त्सना दिसायची असेल तर तुमची परवानगी लागते. ती अपोथेकमध्ये किंवा डिगीडीने ऑनलाइन देता येते. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी दिलेलीच नसते आणि आपण समजतो की "त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळं असेलच". दुसरं, डेन बॉशला लारेब नावाची संस्था आहे, औषधांचे त्रास नोंदवणारी. २००३ पासून तिथे रुग्ण स्वतः नोंद करू शकतात, डॉक्टरच लागतो असं नाही. आपण काय करतो? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, "मला ही गोळी अजिबात सोसली नाही," त्याखाली सात जण नमस्काराचे हात जोडतात, झालं. लारेबला लिहायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि अभ्यासाचं पत्र आलं तर निदान वाचा. जावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, डेटा कुठे जातो ते विचारा, मी असतो तर नक्की विचारलं असतं. (आणि गोळी स्वतः बंद करू नका. दुसऱ्यांदा.)

बाहेरच्या टेबलावर मी एक कागद ठेवलाय, मराठी आणि डच दोन्हीत. भारतातून येताना आई-बाबांच्या पर्समध्ये ठेवायचा. त्यात ब्रँडचं नाव, किती वाजता घेता, आणि तिसरा रकाना औषधाच्या मूळ नावाचा. तो भरायला स्ट्रिप उलटी करून भिंगाने वाचावं लागतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी गोळ्यांची पिशवी उद्या आरतीच्या आधी घेऊन या, मी आणि आपले दोन फार्मासिस्ट मित्र साडेपाचपासून बसतो आहोत. कॅप्सूलमध्ये तीन औषधं असतील तर तीन ओळी लिहायच्या. चूर्ण, काढा, "ती हिरवी गोळी", तेही लिहायचं. बाबांच्या कागदावर आता नऊ ओळी आहेत, दहावी आईने परवा फोनवर सांगितली, त्यांनी लपवली होती.

तिसऱ्यांदा सांगायचं राहिलं होतं ते सांगून झालं असं धरा, कारण मागून काकू खूण करतायत की चहा गार होतोय.